एक जहाज, साठ गलबते
(कॅप्टन केग्विन आणि खांदेरीची लढाई)

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरजवळ घाटाखाली उतरते. तेथे ती खडकांमधून उड्या घेत वाहते आणि पाणी नेहमी एकाच दिशेने, म्हणजे उताराकडे जाते. पण याच नदीच्या काठाने महाडच्या पुढे, दासगावकडे गेलात, तर वेगळेच दृश्य दिसते. दिवसातून दोन वेळा नदीचे पाणी उलटे, समुद्राकडून डोंगराकडे चढते. ही भरती. पूर्वी या भरतीच्या पाण्यावर लहान गलबते बाणकोटच्या खाडीतून दासगाव-महाडपर्यंत माल घेऊन येत आणि ओहोटीबरोबर परत जात. पावसाळ्यात नदीचा पूर आणि खाडीचे उधाण एकाच वेळी आले की काय होते, हे तर महाडकरांना सांगायलाच नको.

महाडहून जवळच रायगड आहे. डोंगरात, समुद्रापासून इतक्या आत राजधानी असलेल्या शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट ताब्यात घेतले आणि ते इंग्रजांच्या आरमारासमोर टिकवून धरले. या संघर्षात एक दिवस असा उगवला, की एका इंग्रजी जहाजाने साठ मराठी नौकांना तोंड दिले आणि त्यांना मागे हटवले. तरीही बेट मराठ्यांकडेच राहिले! हे कोडे कसे सुटते? ते सोडवायला इतिहासाबरोबर थोडे पदार्थविज्ञान, थोडा भूगोल आणि थोडे गणित लागते. त्या जहाजावर असलेल्या इंग्रज नौदल कप्तानाच्या चरित्रापासून आपण सुरुवात करू.

केग्विन कोण होता?

रिचर्ड केग्विन हा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातला. त्याचे घराणे पेन्झान्स या बंदरगावचे. तो तरुणपणीच इंग्लंडच्या राजाच्या आरमारात शिरला. तो काळ इंग्लंड आणि हॉलंड यांच्या समुद्रावरील युद्धांचा होता. पूर्वेकडचा व्यापार कोणाच्या हाती राहणार, यासाठी ही दोन राष्ट्रे भांडत होती. १६६५ मध्ये केग्विन लेफ्टनंट झाला आणि पुढे कप्तान झाला.

त्याचे नाव प्रथम गाजले ते अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर. हिंदुस्थानहून परतणारी जहाजे येथे गोडे पाणी भरून घेत. १६७३ च्या आरंभी डचांनी हे बेट घेतले. ते परत मिळवण्यासाठी कॅप्टन रिचर्ड मंडन याचा ताफा मे महिन्यात तेथे पोहोचला. बेटाचे मुख्य बंदर तोफांनी राखलेले होते, म्हणून पूर्वेच्या बाजूला, जेथे कोणी उतरणार नाही असे वाटत होते, तेथे केग्विनच्या हाताखाली एक तुकडी उतरवण्यात आली. बेटाची वाट माहीत असलेला ऑलिव्हर नावाचा एक गुलाम त्यांचा वाटाड्या होता. समोर उभा कडा होता. तेथील परंपरा सांगते की, एक खलाशी दोरी घेऊन वर चढला आणि मग त्या दोरीच्या आधाराने बाकीचे चढले. पोलादपूर तालुक्यातल्या मुलांना ही गोष्ट ऐकून उमरठ आठवेल. उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाण्याचा कडा चढला, त्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. केग्विनची चढाई यशस्वी झाली, बेट इंग्रजांना परत मिळाले आणि काही काळ तो तेथला गव्हर्नर झाला.

त्यानंतर त्याने राजाचे आरमार सोडले आणि १६७६ च्या सुमारास तो मुंबईला आला. मुंबई तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची होती. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहात इंग्लंडच्या राजाला मिळालेले हे बेट त्याने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिले होते.

कप्तानाचे शास्त्र

पेन्झान्सहून सेंट हेलेना आणि तेथून मुंबई! एवढ्या प्रवासात आपण कोठे आहोत हे कप्तानाला कसे कळे? त्या काळी अक्षांश काढणे सोपे होते. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितका त्या ठिकाणचा अक्षांश असतो. पेन्झान्सला ध्रुव सुमारे ५० अंश उंच दिसतो, मुंबईला १९ अंश आणि महाडला सुमारे १८ अंश. सेंट हेलेना मात्र विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १६ अंशांवर आहे. तेथे ध्रुव दिसतच नाही. तेथे दुपारच्या सूर्याची उंची मोजून अक्षांश काढावा लागे.

रेखांश काढण्याची मात्र खात्रीची रीत नव्हती. त्यासाठी हेलकाव्यातही बरोबर चालणारे घड्याळ हवे, आणि तसे घड्याळ इंग्लंडमधील जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकात बनवले. म्हणून केग्विनच्या काळचे कप्तान आधी इच्छित ठिकाणाच्या अक्षांशावर येत आणि मग त्याच रेषेवरून पूर्वेला किंवा पश्चिमेला जात राहत. दक्षिणेकडच्या ताऱ्यांचा चांगला नकाशा नसणे ही मोठी अडचण होती. ती दूर करण्यासाठी एडमंड हॅली हा तरुण ज्योतिर्विद १६७७ मध्ये याच सेंट हेलेना बेटावर जाऊन ताऱ्यांची मोजमापे करू लागला. ज्याच्या नावाचा धूमकेतू आपण जाणतो, तोच हा हॅली.

खांदेरी का हवे होते?

खांदेरी हे अलिबागजवळच्या थळ गावासमोर, किनाऱ्यापासून जेमतेम पाच किलोमीटरवर असलेले लहानसे खडकाळ बेट आहे. मुंबईच्या बंदरात दक्षिणेकडून शिरणारे प्रत्येक जहाज तेथून दिसते. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईला आसरा घेई आणि पावसाळा संपला की मराठी मुलखाच्या किनाऱ्यावर धाडी घाली. इंग्रज त्याला अडवत नसत. खांदेरीवर किल्ला झाला तर सिद्दीवर आणि मुंबईवर, दोहोंवर नजर राहणार होती.

ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे घेऊन बेटावर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले. ही वेळ नीट पाहा. जून ते ऑगस्ट या काळात पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्येचा जोराचा वारा आणि मोठ्या लाटा असतात. शिडाच्या जहाजांना तेव्हा समुद्र बंद असे. कोळी लोक नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात घालतात, ते याच कारणाने. समुद्र शांत होऊ लागताच, पण मोठी जहाजे पहाऱ्यावर येण्याआधी, मराठ्यांनी पाऊल टाकले होते.

इंग्रजांनी प्रथम काही लहान नौका पाठवून बेटाची रसद तोडायचा प्रयत्न केला. सप्टेंबरमध्ये लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटाजवळ गेला, तेव्हा वरून झालेल्या माऱ्यात तो मारला गेला. मग कंपनीने मोठे जहाज काढले. त्याचे नाव 'रेव्हेंज', म्हणजे सूड. जहाजाचा कप्तान विल्यम मिंचिन होता आणि सगळ्या ताफ्याचा प्रमुख होता रिचर्ड केग्विन.

दोन प्रकारच्या नौका

लढाईकडे जाण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या नौका समजून घेऊ.

'रेव्हेंज' हे फ्रिगेट जातीचे जहाज होते : उंच, जाड फळ्यांचे, अनेक शिडांचे. त्याच्या दोन्ही कुशींना तोफांची रांग होती. मराठ्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबते होती. गलबत हे लांबट, उथळ आणि हलके. त्याला शीड असे, शिवाय वल्हीही असत. मोठ्या गलबताला चाळीस-पन्नास वल्ही लागत. तोफा थोड्या आणि लहान, आणि मारा बहुतेक नाळेवरून, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरून.

असा फरक का? याचे उत्तर आर्किमिडीज आणि न्यूटन या दोघांकडे आहे.

आर्किमिडीजचा सिद्धांत असा, की तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. आपण एक काल्पनिक गलबत घेऊ. ते पेटीसारखे सपाट तळाचे आहे, १५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि माणसांसह ३६ टन वजनाचे, असे समजा. एक घनमीटर पाण्याचे वजन साधारण एक टन असते. म्हणून त्याला ३६ घनमीटर पाणी सारावे लागेल. तळाचे क्षेत्रफळ १५ × ४ = ६० चौरस मीटर. तेव्हा ते ३६ ÷ ६० = ०.६ मीटर बुडेल. म्हणजे गुडघ्याच्या थोडे वर पाणी असले तरी ते चालेल.

आता २५ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ३०० टन वजनाचे जहाज घ्या. तळाचे क्षेत्रफळ १७५ चौरस मीटर. ३०० ÷ १७५ = सुमारे १.७ मीटर. पण खरे जहाज पेटीसारखे नसते. त्याचा तळ खाली निमुळता होत जातो, म्हणून ते याहूनही खोल, तीन मीटरच्या आसपास बुडेल. जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली असतो, तेवढी खोली त्याला सतत मिळाली पाहिजे. नाहीतर ते रुतते. (समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड असते, त्यामुळे ही उत्तरे थोडी कमी होतील. किती कमी, ते तुम्हीच काढा.)

आता न्यूटन. तोफगोळा पुढे सुटतो तेव्हा तोफेला मागे धक्का बसतो. गोळ्याचे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे त्याचा संवेग. तेवढाच संवेग उलट दिशेने तोफेला आणि शेवटी नौकेला मिळतो. चार किलोग्रॅमचा गोळा सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटला, असे धरू. एका गोळ्याचा संवेग १,६०० एकक, आणि दहा तोफा एकदम उडाल्या तर १६,०००. हा धक्का ३०० टनी, म्हणजे ३,००,००० किलोग्रॅमच्या जहाजाला बसला, तर त्याला सेकंदाला पाच सेंटिमीटर एवढाच वेग मिळेल. तोच धक्का ३६ टनी गलबताला बसला, तर त्याला सेकंदाला सुमारे ४४ सेंटिमीटर वेग मिळेल. तो धक्का एकदम, आडवा आणि पाण्यापासून वर बसणार. अरुंद आणि उघडे गलबत त्याने कलंडू लागेल, पाणी आत येईल, सांधे खिळखिळे होतील. म्हणून गलबतावर तोफा थोड्या आणि लहान ठेवाव्या लागत आणि त्या लांबीच्या दिशेने, नाळेवरून उडवाव्या लागत. कारण नौका लांबीच्या दिशेने सहज कलंडत नाही.

लहान गोळ्याची आणखी एक उणीव असते. गोळ्याचा व्यास दुप्पट केला, तर हवेला भिडणारे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. त्यामुळे हवेच्या विरोधाने मोठ्या गोळ्याचा वेग त्या मानाने कमी घटतो. लहान गोळा लवकर मंदावतो आणि जाड फळीपर्यंत पोहोचला तरी ती फोडत नाही.

थोडक्यात काय, तर गलबताने शत्रूकडे तोंड केले पाहिजे आणि जवळ गेले पाहिजे. फ्रिगेटने शत्रूकडे कूस केली पाहिजे आणि त्याला दूर ठेवले पाहिजे. गलबत वाऱ्याशिवायही हलते, फ्रिगेट वारा पडला की लाकडाचा ओंडका होते. प्रत्येकाची ताकद आणि प्रत्येकाचा दुबळेपणा त्याच्या बांधणीतच असतो.

लढाईची सकाळ

इंग्रजी कागदपत्रांत ही लढाई १८ ऑक्टोबर १६७९ ला झाली असे लिहिले आहे. पण त्याच दिवशी जवळच्या चौलला पोर्तुगीज लोक २८ ऑक्टोबर लिहीत होते! कारण पोर्तुगीजांनी पोप ग्रेगरी याने सुधारलेले पंचांग स्वीकारले होते आणि इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत स्वीकारले नाही. सतराव्या शतकात या दोन पंचांगांत दहा दिवसांचा फरक होता. इतिहासातल्या तारखा वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

त्या दिवशी चंद्र कसा होता, हे आपण घरबसल्या काढू शकतो. ६ जानेवारी २००० रोजी अमावस्या होती. २८ ऑक्टोबर १६७९ (नवे पंचांग) पासून त्या दिवसापर्यंत १,१६,९४७ दिवस होतात. अमावस्या ते अमावस्या हा काळ सरासरी २९.५३०६ दिवसांचा असतो. भागाकार केला, तर ३,९६० चांद्रमास पूर्ण होऊन सुमारे सहा दिवस उरतात. म्हणजे लढाईनंतर साधारण सहा दिवसांनी अमावस्या होती आणि लढाईच्या दिवशी आकाशात वद्य पक्षातला अर्धा चंद्र होता. अर्ध्या चंद्राच्या वेळी सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकमेकींना पूरक नसते, म्हणून भरती बेताची असते. किनाऱ्यावरचे लोक तिला भांगाची भरती म्हणतात. उधाणाच्या भरतीला खाडीच्या तोंडाशी जेवढे पाणी चढते, तेवढे त्या आठवड्यात चढणार नव्हते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

पावसाळा संपल्यावर कोकण किनाऱ्यावर वाऱ्याची एक दिनचर्या असते. रात्री जमीन लवकर थंड होते आणि समुद्र त्या मानाने उबदार राहतो. त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, तो मतलई वारा. दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा येतो. कोळ्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. मतलईवर ते बाहेर पडतात आणि खाऱ्यावर परततात.

भल्या सकाळी मराठी आरमार चौलच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून निघाले. आरमाराचा प्रमुख दौलतखान होता आणि त्याच्यापाशी लहानमोठ्या साठेक नौका होत्या. इंग्रजांच्या फक्त आठ होत्या : 'रेव्हेंज', दोन गुराबा आणि पाच लहान शिबाडे-मचवे. त्या खांदेरीजवळ नांगरलेल्या होत्या. मराठे नाळेवरच्या तोफा डागत इतक्या वेगाने आले, की इंग्रजांना नांगर उचलायलाही धड वेळ मिळाला नाही. किनाऱ्याकडून येणाऱ्याला सकाळची वेळ किती सोयीची, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

अर्ध्या तासाच्या आत इंग्रजांच्या एका गुराबेने निशाण उतरवले. मराठ्यांनी ती ओढून नेली. दुसरी गुराब दूरच राहिली आणि पाचही लहान नौका पळाल्या. 'रेव्हेंज' एकटी उरली आणि तिच्याभोवती मराठी गलबते!

केग्विन आणि मिंचिन यांनी धीर सोडला नाही. गलबते जवळ येत होती, आणि जवळ येणे हीच त्यांची गरज होती. पण जवळ येताना ती फ्रिगेटच्या कुशीतल्या तोफांसमोर येत होती. मघाचे गणित आठवा. एकेका गलबताकडे लहान तोफा, 'रेव्हेंज'कडे मोठ्या तोफांची रांग आणि जाड फळ्यांची भिंत. पाच गलबते बुडाली. दौलतखानाने आरमार मागे घेतले आणि ते नागोठण्याच्या खाडीत शिरले. 'रेव्हेंज'ने पाठलाग केला, पण तो खाडीच्या तोंडापर्यंतच. खाडीच्या मुखाशी गाळाचा आणि वाळूचा दांडा असतो, त्यावर पाणी थोडे. गलबताला अर्धा-पाऊण मीटर पाणी पुरे, फ्रिगेटला त्याच्या कितीतरी पट हवे. त्यात भरती भांगाची. खाडीत शिरलेले गलबत फ्रिगेटच्या दृष्टीने जणू डोंगरावर चढले होते.

मग जिंकले कोण?

त्या एका दिवसाची लढाई केग्विनने जिंकली यात शंका नाही. पण खांदेरीचा प्रश्न वेगळा होता. बेटावर माणसे, धान्य, पाणी आणि दारूगोळा पोहोचतो की नाही, यावर सर्व अवलंबून होते. थळपासून बेटापर्यंत पाच किलोमीटर. वल्ह्यांची होडी ताशी चार-पाच किलोमीटर सहज जाते, म्हणजे तासा-सव्वातासाचे काम. वद्य पक्षात रात्रीचा पहिला प्रहर काळोखाचा असतो. वारा पडला की फ्रिगेट जागची हलत नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ, तेथे ती जाऊ शकत नाही. मोठे जहाज सगळीकडे असू शकत नाही, आणि लहान होडीला एकच फट पुरते. रात्रीमागून रात्री मराठी होड्या बेटावर जात-येत राहिल्या. मायनाक भंडारीचे तट चढत राहिले.

पुढे सिद्दी कासमही आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. त्याच्या तोफांनी खांदेरीला त्रास झाला, पण बेट पडले नाही. शिवाय इंग्रजांच्या मनात दुसरी भीती शिरली : उद्या सिद्दीने खांदेरी घेतली, तर तो ती आपल्याला देईल का? जहाजे अडकून पडली होती, खर्च वाढत होता आणि मुंबईला लागणारे धान्य व लाकूड समोरच्या मुलखातून येत होते. अखेर जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला आणि ताफा मागे घेतला. खांदेरी मराठ्यांची राहिली. सिद्दीने मात्र त्याच महिन्यात शेजारचे उंदेरी बेट बळकावले. पुढे तीन महिन्यांत, ३ एप्रिल १६८० रोजी, शिवाजी महाराजांचे रायगडावर निधन झाले.

ज्या आरमाराने लढाई गमावली त्याने बेट राखले, आणि ज्या कप्तानाने लढाई जिंकली त्याला परतावे लागले. आपले कोडे येथे सुटते. उघड्या, खोल पाण्यात एका मोठ्या जहाजाचे पारडे जड होते. उथळ पाण्यात, अंधारात आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामात लहान नौकांचे पारडे जड होते. कोणते साधन श्रेष्ठ, हा प्रश्न तसा अपुराच असतो. कोठे आणि कशासाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

केग्विनचे पुढे काय झाले?

केग्विनची पुढची कहाणी लढाईपेक्षा कमी विलक्षण नाही. १६८१ पासून तो मुंबईच्या फौजेचा मुख्य होता आणि तेथल्या कौन्सिलातही त्याला जागा मिळाली होती. पण लंडनमधल्या कंपनीच्या चालकांना खर्च कमी करायचा होता. त्यांनी सैनिकांचा पगार आणि अधिकाऱ्यांचे भत्ते कापले. ज्यांनी खांदेरीसमोर जीव धोक्यात घातला होता, त्यांचे पोट भरेना. २७ डिसेंबर १६८३ रोजी केग्विनने कंपनीचा डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड याला कैद केले आणि मुंबई इंग्लंडच्या राजाच्या नावाने आपल्या ताब्यात घेतली. सैनिकांनी त्याला गव्हर्नर केले.

आता हा माणूस काय करतो पाहा. सिद्दीच्या नौकांना माझगावला मिळणारा थारा त्याने बंद केला. रायगडच्या गादीवर तेव्हा संभाजी महाराज होते. त्यांच्याकडे केग्विनने १६८४ मध्ये वकील पाठवले आणि त्यांच्याशी तह केला. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या आरमारावर त्याने तोफा डागल्या, त्यांच्याशीच त्याने मैत्री जोडली. समोरच्या किनाऱ्याशी भांडून मुंबई जगू शकत नाही, हे खांदेरीसमोर दिवस काढलेल्या कप्तानाला कळून चुकले असावे.

हे राज्य वर्षभरही टिकले नाही. नोव्हेंबर १६८४ मध्ये राजाच्या वतीने सर थॉमस ग्रँथम आला. सर्वांना माफी मिळेल या अटीवर केग्विनने मुंबई त्याच्या स्वाधीन केली. इंग्लंडला परतल्यावर तो पुन्हा राजाच्या आरमारात गेला. 'असिस्टन्स' या युद्धनौकेचा कप्तान म्हणून तो वेस्ट इंडीजला गेला आणि जून १६९० मध्ये सेंट ख्रिस्तोफर बेटावर फ्रेंचांविरुद्ध खलाशांची तुकडी घेऊन उतरताना मारला गेला. कॉर्नवॉल, सेंट हेलेना, मुंबई, वेस्ट इंडीज. एका माणसाच्या आयुष्यात अर्धी पृथ्वी मावली, ती वारा आणि शीड यांच्या जोरावर.

खांदेरीवर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले, ते येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना वाट दाखवते. आपल्या नौदलाने आपल्या एका पाणबुडीला 'खांदेरी' हे नाव दिले. त्या नावाची दुसरी पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात महाडजवळचा रायगड आहे आणि समुद्रातली खांदेरीही आहे.

करून पाहा

१. रुंद, उथळ डबा आणि अरुंद, उंच डबा असे दोन रिकामे डबे घ्या. दोन्हींत सारखे वजन ठेवून पाण्यात सोडा. (उंच डबा कलंडू नये म्हणून वजन तळाशी ठेवा.) कोणता जास्त बुडतो? बुडालेली खोली मोजा आणि तळाच्या क्षेत्रफळावरून काढलेल्या उत्तराशी ताडून पाहा.

२. मोकळ्या मैदानातून रात्री ध्रुवतारा शोधा. हात ताठ पुढे केला की मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. ध्रुव क्षितिजापासून किती मुठी वर आहे? महाड-पोलादपूरला दोन मुठींपेक्षा थोडे कमी उत्तर यायला हवे. डोंगर आड येत असेल तर क्षितिज कसे ठरवाल?

३. महाड-दासगावच्या विद्यार्थ्यांनी खाडीकाठी सुरक्षित जागी, मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, भरतीच्या पाण्याची कमाल रेषा पंधरा दिवस नोंदवावी आणि शेजारी तिथी लिहावी. उधाण आणि भांग कोणत्या तिथींच्या आसपास येतात? पोलादपूरच्या विद्यार्थ्यांनी नकाशावरून सांगावे, की भरती त्यांच्या गावापर्यंत का पोहोचत नाही.

४. विचार करा : दौलतखानाने त्या सकाळऐवजी वारा पूर्ण पडलेल्या वेळी हल्ला केला असता, तर लढाई कशी झाली असती? उत्तर देताना दोन्ही बाजूंच्या नौकांची बांधणी लक्षात घ्या.